मांजर–दूध, कुत्रा–भाकरी : एका तक्त्याची तपासणी

नीरा नदी जिथे भीमेला मिळते तिथे, पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला, नरसिंहपूर हे गाव आहे. त्या परिसरातील एका वस्तीवरच्या शाळेत मी काही वर्षे शिकवीत होतो. तिसरीच्या चाचणीत 'कोण काय खाते?' असा प्रश्न होता. एका मुलीने मांजरापुढे लिहिले होते : 'उंदीर, पाली, टोळ. आईने दिले तर दूध.' वर्गातल्या तक्त्यावर मांजरापुढे दुधाची बशी होती. मी लाल पेनने फुली मारली आणि शेजारी 'दूध' असे बरोबर उत्तर लिहून दिले. पेपर हातात पडल्यावर तिने विचारले, "गुरुजी, तुमच्या घरी मांजर नाय का?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरोखरच्या कुतूहलाचा होता. तिने मांजर पाहिले होते आणि मी तक्ता पाहिला होता. त्या दिवशी मी उत्तर टाळले. पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की चूक एका पेपरातल्या एका गुणाची नव्हती. 'पाळीव प्राणी व त्यांचे अन्न' हा जो तक्ता आपण वर्षानुवर्षे भिंतीवर लावतो, त्याची मांडणीच तपासून पाहायला हवी. या लेखात ती तपासणी करायची आहे.

तक्ता काय सांगतो?

तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, नाहीतर डी. एड.चे विद्यार्थी पाठासाठी हाताने काढतात. डाव्या बाजूला प्राणी, उजव्या बाजूला अन्न. गाय–गवत, मांजर–दूध, कुत्रा–भाकरी किंवा हाड, ससा–गाजर, पोपट–मिरची. मुले पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि गुण मिळतात. त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी आपण त्यांना 'समतोल आहार' शिकवतो. तिथे मात्र आपण बजावून सांगतो की कोणताही एक पदार्थ शरीराला पुरत नाही; प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे ही सर्व योग्य प्रमाणात हवीत.

म्हणजे माणसाला पाच गटांतले अन्न आणि मांजराला फक्त दूध! एकाच पुस्तकातल्या या दोन पाठांची गाठ कुणी घालून देत नाही. मुलांना वाटते, समतोल आहार ही फक्त माणसांची गोष्ट आहे. या तक्त्यावर माझे तीन आक्षेप आहेत. एक, तो प्रत्येक प्राण्याला एकच अन्न नेमून देतो. दोन, प्राण्याला काय लागते ते न सांगता आपण त्याच्यापुढे काय टाकतो ते सांगतो. आणि तीन, मोकळा फिरणारा प्राणी आणि बांधलेला प्राणी यांत तो काहीच फरक करीत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. पण त्याआधी एकेक ओळ पाहू.

मांजराची ओळ

पिलू असताना मांजर आईचे दूध पिते, हे उघड आहे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांत दूध तुटल्यावर हे विकर कमी होत जाते. मांजरही त्याला अपवाद नाही. म्हणून पुष्कळशा मोठ्या मांजरांना बशीभर दूध प्याल्यावर जुलाब होतात. मांजर दूध आवडीने पिते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी आणि प्रथिनांसाठी, गोडीसाठी नव्हे. गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी झालेले आहे, असे अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. मांजराच्या जिभेला साखर आणि खडू यांत गोडीचा फरक कळत नाही.

पण जुलाब ही किरकोळ गोष्ट झाली. खरा मुद्दा टॉरीन या पदार्थाचा आहे. टॉरीन हे अमिनो आम्लासारखे एक संयुग आहे. माणूस आणि बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून तयार करतात. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही, आणि पित्तरसातून त्याचे बरेचसे टॉरीन खर्च होत राहते. टॉरीन मांसात, माशांत, उंदराच्या शरीरात भरपूर असते. वनस्पतींत जवळजवळ नसते. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांना असा आहार दिला की ज्यात प्रथिन म्हणून केवळ केसिन, म्हणजे दुधातले प्रथिन होते. आपल्या पुस्तकी हिशेबाने केसिन हे उत्तम दर्जाचे प्रथिन. तरीही त्या मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजू लागले. कारण निघाले टॉरीनची कमतरता. तक्त्यावरच्या दुधाच्या बशीकडे पाहताना हा प्रयोग आठवायला हवा.

मांजराच्या गरजा आणखीही वेगळ्या आहेत. गाजर, पपई, पालक यांतील कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते जमत नाही. त्याला तयार 'अ' जीवनसत्त्व हवे, जे यकृतात आणि इतर प्राणिज पदार्थांत असते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून आपण थोडेफार नायसिन (एक 'ब' जीवनसत्त्व) बनवतो. मांजर ते जवळजवळ बनवू शकत नाही. आर्जिनीन हे अमिनो आम्ल अजिबात नसलेले एक जेवण दिले, तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया वाढून ते गंभीर आजारी पडते. इतक्या बाबतींत मांजराच्या शरीराने स्वतः बनवण्याचे काम सोडून दिले आहे. त्याचे कारण असे की त्याच्या पूर्वजांच्या आहारात हे सारे तयार मिळत होते. उंदीर हा मांजराच्या दृष्टीने एक समतोल आहारच आहे : मांस, यकृत, हाडे, थोडी चरबी, सर्व एका ठिकाणी.

नरसिंहपुरात लक्ष्मी-नृसिंहाचे मोठे देवस्थान आहे. मुलांना नृसिंहाची मूर्ती माहीत असते : मुख सिंहाचे आणि धड माणसाचे. नैवेद्य मात्र माणसाच्या ताटातला. देवाचे ते शोभते. घरातल्या मांजराच्या बाबतीत मात्र मुख, दात, आतडे आणि यकृत, सगळेच सिंहाच्या कुळातले आहे. त्याच्यापुढे आपण आपले ताट सरकवतो आणि ते खात नाही म्हणून त्याला चोखंदळ म्हणतो.

आता त्या मुलीचे उत्तर पुन्हा वाचा : 'उंदीर, पाली, टोळ. आईने दिले तर दूध.' यात क्रमही बरोबर आहे.

कुत्र्याची ओळ

कुत्र्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि आपल्या भागाला अधिक जवळची आहे. 'कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला मांसच हवे, भाकरी घालणे हा अन्याय' असे हल्ली शहरात पुष्कळदा ऐकू येते. इंदापूर तालुक्यात ही तुलना करायला लांब जावे लागत नाही. कडबनवाडीच्या माळरानावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि त्याच माळावर मेंढपाळांची कुत्री भाकरीच्या तुकड्यावर कळप राखतात.

या दोघांच्या पोटातला फरक २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी शोधला. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराचे जनुक लांडग्यात दोन प्रतींत असते. कुत्र्यांत त्याच्या चारपासून तीसपर्यंत प्रती सापडल्या. पुढे असेही दिसले की शेतीच्या प्रदेशांत वाढलेल्या कुत्र्यांत या प्रती जास्त आहेत, तर हस्की आणि डिंगो यांच्यात कमी. थोडक्यात, माणूस धान्य खाऊ लागला तसा त्याच्या उंबऱ्याशी बसलेला कुत्राही धान्य पचवायला शिकला. तेव्हा कुत्रा–भाकरी ही जोडी सर्वस्वी चुकीची नाही. भाकरी कुत्र्याला पचते.

पण पचणे वेगळे आणि पुरणे वेगळे. हा फरक समजून घेण्यासाठी आपल्याच ज्वारीची एक गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी अशी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रम, अशी त्याची लक्षणे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने होत नसून आहारातील उणिवेने होतो हे सिद्ध केले. नेमकी उणीव कशाची, हे शोधण्यासाठी त्यांना कुत्र्यांचा उपयोग झाला. तसाच निकृष्ट आहार दिलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडे. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवले की ही काळी जीभ निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिनने, बरी होते. माणसांच्या पेलाग्रावरचा उपाय असा कुत्र्याच्या जिभेवर सापडला.

आता दख्खनकडे येऊ. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जात होता. पण आपल्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब कष्टकऱ्यांतही तो दिसत होता. हे कोडेच होते, कारण ज्वारीत नायसिन आणि ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाहीत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचे जास्त प्रमाण शरीरातील नायसिनच्या कामात अडथळा आणत असावे. पुढे त्याच संस्थेत गोपालन आणि बी. बेलवडी यांनी कुत्र्यांना ज्वारीवर आधारलेला आहार देऊन पाहिला. त्यांच्याही जिभा काळ्या पडल्या.

ल्यूसीनचे स्पष्टीकरण नंतर सर्वांना मान्य झाले नाही. काही परदेशी प्रयोगशाळांत तसा परिणाम मिळाला नाही आणि वाद चालू राहिला. पण दोन गोष्टी त्यातून पक्क्या हाती लागतात. पहिली : केवळ ज्वारीवर कुत्रा निरोगी राहत नाही. दुसरी : माणूसही राहत नाही. दोष ज्वारीचा नाही. ज्वारीच्या जोडीला डाळ, दूध, अंडे, मांस यांपैकी काही मिळणाऱ्या घरांत पेलाग्रा दिसत नसे. ज्याच्या ताटात दुसरे काही येण्याची शक्यताच नव्हती, त्याला तो गाठत असे.

मोकळा आणि बांधलेला

मग प्रश्न उरतो : आपल्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यानपिढ्या भाकरी खाणाऱ्या कुत्र्यांच्या जिभा काळ्या का पडल्या नाहीत?

याचे उत्तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळरानावर मिळते. तिथे अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी गावातली कुत्री आणि माळावरची खोकडे यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेतील अवशेष तपासून कोण काय खाते हे त्यांनी ठरवले. खोकडांचा भर उंदीर, कीटक आणि रानफळे यांवर होता. कुत्र्यांचा भर होता माणसाकडून मिळणाऱ्या अन्नावर, शेतमालावर आणि मेलेल्या जनावरांवर. म्हणजे भाकरी होतीच; पण ती एकटी नव्हती. बांधावर पडलेले जनावर, उकिरड्यावरची हाडे, कोंबडीची आतडी, घूस, प्रसंगी माणसाची विष्ठासुद्धा. ऐकायला ओंगळ वाटते. पण प्रथिने, चुना आणि 'ब' जीवनसत्त्वे यांचा हिशेब कुत्रा अशा रीतीने भागवत होता. घरची भाकरी हे त्याच्या आहाराचे एक अंग होते. आपण ती घालत होतो म्हणून आपल्याला तेवढीच दिसत होती.

मांजराचेही तेच. बशीतले दूध आपल्याला दिसते. रात्री कणगीमागे काय चालले आहे ते दिसत नाही.

आता असे समजा की त्याच कुत्र्याला आपण गळ्यात पट्टा घालून ओट्याशी बांधले, किंवा मांजराला शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवले. दार लागले. आता उंदीर नाही, उकिरडा नाही, बांध नाही. जेवढे आपण भांड्यात टाकू तेवढेच त्याचे जग. काल जे पूरक अन्न होते ते आज संपूर्ण अन्न झाले, आणि भांड्यात मात्र काही फरक पडला नाही. तक्त्यातली खरी उणीव इथे आहे. 'कुत्रा–भाकरी' हे मोकळ्या कुत्र्याबद्दलचे अर्धे निरीक्षण होते. बांधलेल्या कुत्र्याला ते पूर्ण नियम म्हणून लावले की त्याची हाडे वाकतात.

हाडे वाकतात हे अलंकारिक बोलणे नाही. १९१९ च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कोंडून ठेवलेल्या कुत्र्याच्या पिलांना मुख्यतः ओटच्या लापशीवर वाढवले आणि त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळला. मुलांच्या मुडदुसाचे कारण समजण्यात या पिलांचा मोठा वाटा आहे. त्यातून पुढे 'ड' जीवनसत्त्वाची ओळख झाली. माणसाची त्वचा उन्हात 'ड' जीवनसत्त्व बनवते. कुत्रा आणि मांजर यांच्या त्वचेत ते फारच थोडे बनते. त्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते. तेव्हा 'पिलाला कोवळ्या उन्हात बांधा, हाडे बळकट होतील' हा सल्ला आपल्या बाळाला लागू आहे, पिलाला नाही.

उलट टोकही तितकेच घातक आहे. 'कुत्र्याला मांसच हवे' म्हणून काही हौशी लोक पिलाला नुसते बिनहाडाचे मांस घालतात. मांसात चुन्याच्या (कॅल्शियमच्या) मानाने फॉस्फरस पंधरा-वीस पट असतो. वाढत्या पिलाच्या आहारात हे प्रमाण जवळजवळ सारखे, किंवा चुना थोडा अधिक, असे हवे असते. ते बिघडले की रक्तातला चुना टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून तो काढून घेते, आणि हाडे ठिसूळ होतात. लांडगा नुसते मांस खात नाही. तो हाडे, यकृत, आतडी असे सर्व खातो. लांडग्याची नक्कल करायची तर ती अर्धवट करून चालत नाही.

बांधलेल्या जनावराची ही गोष्ट गाईलाही लागू आहे. तक्त्यातली सर्वांत खरी ओळ म्हणजे गाय–गवत. कारण गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते गवतातला तंतू फोडतात, प्रथिने बनवतात, 'ब' जीवनसत्त्वे बनवतात. गाय एकच पदार्थ खाते असे दिसते, पण स्वयंपाकघर तिच्या पोटातच आहे. तरीही दुष्काळात आपल्या भागात दावणीला बांधलेल्या जनावरापुढे दिवसेंदिवस उसाचे वाढे पडते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते चुना बांधून ठेवते आणि जनावराला चुना कमी पडतो. म्हणून पशुवैद्य वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. चरायला मोकळी असलेली गाय चार प्रकारचे गवत आणि झुडपांचा पाला निवडते. दावणीला निवड नसते.

उरलेल्या ओळी

सशाचे गाजर हे चित्रकथांतून आलेले दिसते. सशाला मुख्यतः गवत हवे, भरपूर तंतू असलेले. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चावून झिजतात. रात्री तो स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली जीवनसत्त्वे त्यातून मिळवतो. पिंजऱ्यात गाजराचे ढीग घातले तर साखर जास्त आणि तंतू कमी होऊन त्याचे पोट बिघडते.

पोपटाची मिरची मात्र गमतीची आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते सस्तन प्राण्यांच्या ज्या संवेदकाला झोंबते, त्याचा पक्ष्यांतला नमुना वेगळा आहे. त्याला कॅप्सेसिन जाणवत नाही. हे २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. याच संवेदकावरील कामाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीत कॅरोटीनही भरपूर, आणि नुसत्या बियांवर व डाळीवर ठेवलेल्या पोपटाला कमी पडते ते 'अ' जीवनसत्त्वच. तेव्हा ही ओळ नकळत बरी निघाली. पण पोपट मुळात या तक्त्यात असायलाच नको. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शाळेच्या भिंतीने त्याला 'पाळीव' म्हणू नये.

एक स्तंभ मात्र तक्त्यात नाही आणि तो असायला हवा : काय देऊ नये. आपल्या प्रत्येक आमटीत कांदा-लसूण असतो. त्यातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या आणि त्याहूनही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात व रक्तक्षय होतो. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदयाला बाधते. आणि बारामती-इंदापूरच्या द्राक्षपट्ट्याने विशेष लक्षात ठेवावे असे म्हणजे द्राक्षे आणि मनुके. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे त्याने निकामी होतात. हे विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राकडे आलेल्या नोंदींवरून ध्यानात आले. २०२१ मध्ये त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मत पुढे आले. चिंचेतही तेच आम्ल असते. सर्व कुत्र्यांना बाधा होत नाही, किती द्राक्षांनी होईल तेही सांगता येत नाही. म्हणून एकही न देणे हाच शहाणपणा.

दुसरा तक्ता : पिशवीवरचा

आता तालुक्याच्या गावीही कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या रंगीत पिशव्या मिळतात. त्यांवर 'संपूर्ण व समतोल' असे छापलेले असते. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा हा तक्ता पुष्कळ बरा, कारण त्यामागे घटकांचा हिशेब असतो. पण तोही अंतिम नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांना आढळले की हृदयाचे स्नायू दुबळे होऊन आजारी पडलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी आहे. आणि ही मांजरे बाजारातले तयार खाद्यच खात होती. टॉरीन दिल्यावर हृदय सुधारले. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरीन वाढवले. म्हणजे तोवर 'समतोल' हा शब्द छापलेल्या पिशवीत एक वजन कमी होते.

धान्याबद्दलची उलटी लाटही अशीच. परदेशात 'कुत्रा म्हणजे लांडगा' या समजुतीने धान्यविरहित खाद्ये निघाली. त्यांत धान्याऐवजी वाटाणा-मसुरासारखी कडधान्ये घातलेली असत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी खाद्ये आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली. कार्यकारणसंबंध पक्का ठरला नाही. पण अमायलेजच्या तीस प्रती बाळगणाऱ्या प्राण्याला धान्य वर्ज्य करण्यात विज्ञानापेक्षा जाहिरात अधिक होती, एवढे म्हणता येईल.

मग घरी काय करावे? बांधलेल्या किंवा घरातच राहणाऱ्या कुत्र्याला भाकरी वा भात जरूर द्यावा, पण त्यासोबत रोज अंडे, शिजवलेले मांस किंवा मासे यांपैकी काही हवे. शाकाहारी घरात दही, ताक, दूध आणि शिजवलेली डाळ यांची जोड द्यावी. ताक-भाकरी ही नुसत्या भाकरीपेक्षा कितीतरी बरी, कारण दुधातून ट्रिप्टोफॅन आणि चुना दोन्ही मिळतात. फोडणी आणि कांदा-लसूण घालण्याआधीच त्याचा वाटा बाजूला काढावा. शिजवलेली हाडे देऊ नयेत; त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. पिलाला चुन्याचे औषध पशुवैद्याला विचारूनच द्यावे, कारण जादा चुनाही हाडे बिघडवतो. मांजराला मात्र मांस, मासे हेच मुख्य अन्न हवे, किंवा टॉरीन घातलेले मांजराचेच तयार खाद्य हवे. कुत्र्याच्या पिशवीवर त्याचे भागत नाही. ज्या घराला हे मान्य नसेल त्याने मांजर कोंडून पाळू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

'मग सगळ्यांना मोकळेच सोडावे' असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मोकळे कुत्रे आहार मिळवते तसे जंत, पिसाळी आणि अपघातही मिळवते. नान्नजच्याच परिसरातल्या पुढच्या अभ्यासांत कुत्र्यांत आणि खोकडांत डिस्टेंपरसारखे रोग आढळले आहेत. गावची कुत्री जिथे फिरतात त्या माळावरच्या वन्यप्राण्यांना हा धोका राहतो. बांधणे आवश्यक असेल तर बांधावे. पण बांधले की समतोलाची जबाबदारी आपल्याकडे आली, हे ओळखावे.

वर्गात काय करता येईल?

तक्ता फाडून टाकण्याची गरज नाही. तो भिंतीवर ठेवूनच तपासायला द्यावा. ज्यांच्या घरी प्राणी आहे अशा मुलांनी आठवडाभर नोंद ठेवावी. चार प्रश्न पुरेत : घरातून काय दिले? बाहेर काय खाल्लेले पाहिले? प्राणी बांधलेला की मोकळा, आणि किती वेळ? पुढे ठेवलेल्यापैकी काय त्याने खाल्ले नाही? अनोळखी कुत्र्याजवळ जायचे नाही, खात असलेल्या कोणत्याही प्राण्याला हात लावायचा नाही आणि उपाशी ठेवून प्रयोग करायचा नाही, हे आधी बजावावे. आठवड्याने सर्व नोंदी फळ्यावर लिहाव्यात आणि शेजारी तक्ता धरावा. फरक मुलेच सांगतील.

मोठ्या वर्गांत आणखी एक स्तंभ घेता येईल : 'हा प्राणी स्वतःच्या शरीरात काय बनवू शकतो?' कुत्रा आणि मांजर 'क' जीवनसत्त्व स्वतः बनवतात, माणूस आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत. माणूस टॉरीन बनवतो, मांजर पुरेसे बनवू शकत नाही. माणूस उन्हात 'ड' जीवनसत्त्व बनवतो, कुत्रा नाही. गाईसाठी 'ब' जीवनसत्त्वे तिच्या पोटातले जिवाणू बनवतात. जे शरीर बनवू शकत नाही ते अन्नातून आले पाहिजे. समतोल आहाराची एवढी एक व्याख्या मुलांना नीट कळली, तर माणसाच्या ताटापासून मांजराच्या बशीपर्यंत कुठेही ती वापरता येते, आणि पाच गटांची यादी पाठ करावी लागत नाही.

उत्तरपत्रिका तपासताना एक पथ्य मात्र मी त्यानंतर पाळत आलो. मुलाचे उत्तर तक्त्याशी जुळत नसेल तर फुली मारण्याआधी विचारायचे, "तू हे कुठे पाहिलेस?" त्या मुलीला मी हे विचारले असते तर तिने कणगीमागची जागा दाखवली असती. तिचा एक गुण मी कापला तो कापलाच; तिने पुन्हा कधी परीक्षेत स्वतः पाहिलेले लिहिले की नाही, हे मला माहीत नाही.